२५ सेकंदांसाठी बेल्जियम? तात्यांच्या पोस्टला उत्तर

तापीकाठचा
काल तात्यांनी लिहिलं: “पावणेतीन लाख मोजायचे, रस्त्याकडेला उभं राहायचं आणि २५ सेकंदांत सायकली गेल्या की परत. सोफ्यावर बसून सगळी शर्यत दिसते. खड्डेच बघायचे तर जळगाव काय वाईट?”

तात्या, रागावू नका, पण आम्ही नऊ जण २०२३च्या एप्रिलमध्ये गेलो होतो, म्हणून बोलतो. बेल्जियमच्या फ्लँडर्स सायकल शर्यतीत पुरुष औडे क्वारेमाँटच्या चढावरून एकदा नाही, तीनदा जातात. सव्वादोन किलोमीटरची चढण, बराचसा रस्ता दगडी. मधल्या वेळात शेतात मोठा पडदा आणि हातात तळलेल्या बटाट्यांचा कागदी पुडा. तिसऱ्या फेरीला स्लोव्हेनियाचा पोगाचार एकटाच सुटला तेव्हा शेजारचा म्हातारा बेल्जियन माझा खांदा धरून ओरडत होता. सोफा खांदा धरतो का?

आणि आदल्या दिवशी त्याच वाटेवर हौशी लोकांनाही सायकल चालवू देतात. कोप्पेनबर्गच्या चढावर मी उतरून ढकलली. लाज नाही वाटली, १९७६ला बेल्जियमचा महान सायकलपटू मर्क्ससुद्धा तिथे पायी चढला होता.

भुसावळी तात्या
म्हणजे पावणेतीन लाख देऊन सायकल ढकलली. बरं. आमच्याकडे फुकटात ढकलतात, चेन तुटली की.
तुम्ही नऊ जणांनी इथे तोरणमाळच्या घाटात शाळेच्या पोरांची शर्यत भरवली असती, तर शंभर पोरं चढली असती. त्याचे फोटो मात्र कोणी टाकत नाही.

लळिंग घाट
दोघांचंही अर्धंच बरोबर. जायलाच हवं, पण ग्रुपने नाही. मी एकटा गेलो होतो. गेंटला खोली, आउडेनार्डेपर्यंत रेल्वे, बाकी पायी. कोणाच्या बीपीच्या गोळ्या हॉटेलात राहिल्या म्हणून बस थांबली नाही.

तापीकाठचा
एकट्याने पंक्चर कोणासोबत बघितलं, भाऊ? पुढच्या रविवारी फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे शर्यतीत कारफूर द लार्ब्रच्या दगडी रस्त्यावर बेल्जियमच्या व्हान आर्टचं चाक पंक्चर झालं आणि प्रतिस्पर्धी व्हान डर पूल निघून गेला. आमच्यातले दोघे व्हान आर्टवाले. तीन दिवस धड बोलले नाहीत. ही मजा एकट्याला कुठली?
शिवाय संध्याकाळी गेंटच्या खोलीवर भरीत केलं. जांभळी वांगी ओव्हनमध्ये भाजली, थोडा टोमॅटो घातला...

पर्‍हाटी
थांबा. ओव्हन? टोमॅटो?? आणि त्याला भरीत म्हणता? पांढरी-हिरवी वांगी, काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, कांद्याची पात. बाकी सगळी वांग्याची भाजी.

असोदेकर
पर्‍हाटीभाऊंना अनुमोदन, फक्त वांगी असोद्याची हवीत हे लिहायचं राहिलं.

पर्‍हाटी
राहिलं नाही, मुद्दाम लिहिलं नाही. बामणोदच्या वांग्यापुढे असोदं कशाला आणता?

असोदेकर
तुमच्या वांग्यात बियाच जास्त. आमच्या आत्याच्या लग्नात व्याह्यांनी बामणोदची आणली होती. पंगतीत लोक दात कोरत बसले होते.

पर्‍हाटी
चुकीच्या दिवसांतली आणली असतील. तसंही एप्रिलमध्ये भरीत करणाऱ्यांना काय सांगायचं? भरीत थंडीचं. मूळ धागाच नासका आहे.

लळिंग घाट
दगडी रस्त्यांवर बोलायचं होतं. असो. कळण्याची भाकरी नेली होती का कोणी?

अमळनेरची मी
वांगी बाजूला ठेवा जरा. मीही २०२३लाच गेले होते, एका टूर कंपनीबरोबर. नाव घेत नाही. त्यांचा महाराज सोबत होता, भांडी-कुंडी घेऊन. फ्लँडर्सला पुरुषांची शर्यत संपली की बायकांची संपते. मी त्यासाठीच गेले होते. साडेचारच्या सुमाराला पोगाचार जिंकला आणि आमच्या टूर लीडरने शिट्टी वाजवली: “चला मंडळी, शर्यत झाली, जेवण तयार आहे!” मी म्हटलं, अजून एक शर्यत बाकी आहे. बसमधून एक काका म्हणाले, “ताई, ती काय, लेडीजची.”
कोपेकी जिंकली. बेल्जियमची पोरगी, बेल्जियममध्ये, एकटी पुढे. ती रेषा ओलांडत होती तेव्हा मी बसमध्ये मांडीवर ताट घेऊन जिरा राईसमधलं तमालपत्र बाजूला काढत होते. शेतातल्या लोकांचा आरडाओरडा काचेतून ऐकू येत होता.
तात्या, तुमचे २५ सेकंद तरी आहेत. मला तेवढेही मिळाले नाहीत.

तापीकाठचा
ताई, आमच्या नऊ जणांतही चौघे आधीच खोलीवर परतले होते. मीही त्यांच्यात होतो. वांगी भाजायची होती.

अमळनेरची मी
टोमॅटो घालून.

पर्‍हाटी
बघा!

लळिंग घाट
मी थांबलो होतो. एकटा होतो ना.

तापीकाठचा
बरं बाबा, तुझं खरं शे. पण गोळ्या विसरलास तर परत आणायला कोण जाणार होतं?

भुसावळी तात्या
अमळनेरच्या ताईंचं पटलं, तेवढ्यापुरतं. तीन फेऱ्यांचं मला माहीत नव्हतं. माझ्या पोस्टमध्ये २५ सेकंदांच्या जागी ७५ करा. बाकी एक अक्षर बदलणार नाही.

असोदेकर
तात्या, तुम्ही भुसावळचे. वांगी कुठली आणता, ते सांगा.