आयडिया छोटी आहे म्हणतात, बडोद्यातच करू का बंगळुरूला जाऊ?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय. मेकॅनिकल केलं, थोडी नोकरी केली, आता मित्राबरोबर मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) छोट्या युनिट्ससाठी ॲप बनवतोय. तिकडे मशीनिंग झालेला माल प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला बाहेर जातो चलनावर (मालासोबतची पावती), आणि परत येतो तुकड्यातुकड्यात, पाचशे नग गेले तर आधी तीनशे, मग दीडशे, उरलेले कुठे अडकले ते फक्त सुपरवायझरच्या डोक्यात. जीएसटीचा नियम असा की जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला माल १ वर्षात परत आला नाही तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात, म्हणजे टॅक्स आणि वर व्याज. आम्ही चलनाचा फोटो घेऊन हा हिशोब ठेवतो, काही कारखानदार पैसे देऊन वापरतायत.

पण अहमदाबादला पिचिंगला, म्हणजे गुंतवणूकदारांपुढे आयडिया मांडायला, गेलं की एकच ऐकायला मिळतं, स्केल होणार नाही, घरपोच डिलिव्हरीसारखं काहीतरी करा. मला मनापासून वाटतं की शिकलेल्या पोरांची सगळी अक्कल शहरातल्या लोकांना अजून थोडा आराम देण्यातच खर्च होऊ नये, या शेडमध्ये राबणाऱ्यांचाही त्यावर हक्क आहे. घरी आईबाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. तुम्ही काय केलं असतं?

ग्राइंडिंगवाले काका
अरे बाळा, माझं जॉबवर्कचंच युनिट आहे म्हणून सांगतो. तू माल पाठवणाऱ्याचा हिशोब ठेवतोस, आमचं दुखणं पैशाचं आहे. २००६ च्या एमएसएमई (छोट्या उद्योगांच्या) कायद्यात लिहिलंय की लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पेमेंट, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. पण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला जाते हे आम्हाला माहीत असतं, म्हणून कोणी मागत नाही. माल कधी पोचला, कोणी उतरवून घेतला, एवढं दोन्हीकडच्यांना एकाच जागी दिसलं तरी अर्धी भांडणं मिटतील, कारण वाद तारखेपासूनच सुरू होतो. आणि पासवर्ड वगैरे ठेवू नकोस रे, आमच्या पोरांचे हात कूलंटने ओले असतात. गुजराती-हिंदीत दोन मोठी बटणं दे, बास.

बंगळुरूची ताई
मूळची बडोद्याचीच, इथे स्टार्टअपमध्ये पैसे गुंतवणाऱ्या एका फंडात काम करते. ते लोक "छोटी" म्हणतात त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांचं गणित वेगळं आहे. फंडाला साधारण १० वर्षांत पैसे परत करायचे असतात, बऱ्याच कंपन्या बुडणार हे धरूनच चालतात, म्हणून एखादी तरी प्रचंड मोठी व्हावी लागते. तुझा धंदा दरवर्षी नफ्यात राहिला, दहा-पंधरा जणांना चांगला पगार दिला तरी त्यांच्या कामाचा नाही, पण म्हणून तो वाईट थोडीच? स्टार्टअप इंडिया या सरकारी योजनेच्या मान्यतेला फंडिंग लागत नाही, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करून घे आणि अर्ज कर. पैसे गिऱ्हाइकाकडून येतायत तोवर इकडे येऊन भाडं कशाला भरतोस.

सुरसागरकर
आईबाबांवर चिडू नको, आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत राजवटीपासून नोकरीचीच सवय, धंदा बाकीच्यांनी करायचा. पण दुसरी बाजूही इथलीच आहे ना. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं ते कारागिरी आणि उद्योग शिकवायला, तीच आजची एमएस युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी. तिथले गज्जर सर रंगांचे रसायनतज्ज्ञ, त्यांनी कोटिभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर १९०७ मध्ये अलेम्बिक सुरू केली, सुरुवातीला टिंक्चर आणि अल्कोहोल. पुढच्याच वर्षी बँक ऑफ बडोदा. म्हणजे ज्या बँकेच्या परीक्षा दे म्हणतायत ती बँकही कोणीतरी नव्याने उभी केलेलीच आहे, हे घरी जरूर सांग.

दांडियाबाजारकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, माल पोचल्याच्या तारखेचं पटलं, पण काम होऊन माल परत आला की तो पाठवणारा पार्टी स्वतःहून "मिळाला" हे बटण दाबेल का? दाबलं की ४५ दिवस मोजायला लागणार, त्यामुळे तोच टाळेल असं वाटतं. टेम्पोवाल्याकडून उतरवताना फोटो घेतला तर चालेल का, तुमच्याकडून माल परत नेणारे टेम्पो ठरलेले असतात ना?