बायकोचं भांडण ऑपेरात घालावं का?

रंकाळाकर: जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसचा 'इंटरमेझो' हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, ऐकतोय. १९०२ मध्ये तो परगावी असताना घरी एका अनोळखी बाईची चिठ्ठी आली, तिकिटं मागणारी, जरा लाडीगोडीची. बायको पाउलिनानं पाकीट फोडलं आणि थेट घटस्फोटाची भाषा! चिठ्ठी खरंतर स्ट्रान्स्की नावाच्या एका वाद्यवृंद-संचालकासाठी होती, नावात घोळ झाला. पुढं स्ट्राउसनं याचाच ऑपेरा केला, शब्दही स्वतःच लिहिले. १९२४ मध्ये ड्रेस्डेनला लागला. नावं तेवढी बदलली. काल यावरून मित्राशी वाजलं. मी म्हणतो, स्वतःच्या घरातलं आल्याशिवाय संगीतात जीव येत नाही.

तिकटीवरचा: भावा, भांडली ती आन् टाळ्या ह्याला? वर ती आक्रस्ताळी, आणि हा दुसऱ्या अंकात निवांत पत्ते कुटणारा सज्जन. पाउलिना स्वतः गायिका होती की, तिची बाजू कुठाय?

रंकाळाकर: भांडणं बोलल्यासारखी भराभर गायलीत, पण मधे नुसता वाद्यवृंद वाजतो तिथं ऐका. बायकोवरची माया तिथं आहे. लग्नही शेवटपर्यंत टिकलं.

तिकटीवरचा: टिकलं म्हणून तिला चाललं असं हुतंय व्हय?

जुनी पेटी: दोघंही एकच धरून बसलाय. चेक संगीतकार यानाचेकचं बघा. त्याच्या 'येनूफा' या ऑपेराचं काम संपत आलं आणि १९०३ मध्ये मुलगी ओल्गा विशीतच गेली. आजारपणात तिला त्यानं तो पियानोवर वाजवून दाखवला होता, तिच्याच स्मृतीला अर्पणही केला. पण कथा प्राइसोव्हाबाईंच्या नाटकातली, आणि काम ओल्गा धडधाकट असल्यापासून चाललेलं. दुःखातून कथा जन्मली असं म्हणायला जागाच नाही.

आपल्याकडं १२ मार्च १९११ ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. गोविंदराव टेंब्यांच्या चालींत त्या दुःखाचा मागमूस नाही. पदं काय पडली का?

रंकाळाकर: ते नटाचं झालं, पेटीवाले. चाली आधीच बांधलेल्या होत्या. मी रचणाऱ्याबद्दल बोलतोय.

जुनी पेटी: मग यानाचेक रचणाराच की. त्याचं उत्तर द्या ना.

तिकटीवरचा: आन् माझं बी. पाउलिनाला इचारलं हुतं का न्हाई?