विलायतेतली शेती परिषद भांडुपात बसून, आणि काका कुडाळात: कसं जमवायचं?

भांडुपचो_झील:
नमस्कार मंडळी. ऑक्सफर्ड रिअल फार्मिंग कॉन्फरन्सचं ऑनलाइन तिकीट काढून बसलोय. 2010 पासून दर जानेवारीत भरते. 2021 ला करोनात सगळीच ऑनलाइन होती, तेव्हापासून डोक्यात होतं. मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही, लोअर परळला छापखान्यात असतो. पण गावाला काका अजून वालय आणि बेळा ही जुनी गावठी भातं पेरतात, बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुडीत घट्ट आवळून ठेवतात. यंदा बियाण्यांवर सत्र आहे म्हणून सगळा खटाटोप.

लिंक उघडली तर आत गावजत्रा. लॉबी, स्टेज, बूथ, नेटवर्किंग. एका ठिकाणी बोट लागलं आणि ‘कॅमेरा सुरू करू का’ विचारलं. मी गंजीवर, मागे दोरीवर कपडे वाळत. लॅपटॉपच मिटला. कॅमेरा आपोआप लागतो का? वेळा कुठल्या धरायच्या? आणि काकांना त्याच तिकिटावर घेता येईल का?

बांधावरचा_बाभूळ:
स्टेजवर फक्त वक्ते दिसतात, तुम्ही नाही. कॅमेरा लागतो तो नेटवर्किंगमध्ये किंवा छोट्या टेबलांवर, तिथेही आधी परवानगी मागतात. गंजी सुरक्षित आहे.

वेळ मात्र बघा. जानेवारीत ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यांचं सकाळचं 9 म्हणजे आपले दुपारचे 2.30, आणि संध्याकाळी 7 चं सत्र आपल्याकडे रात्री 12.30 ला, म्हणजे तारीखही बदलली. पहिल्या वेळी मी सकाळी 9 लाच चहा घेऊन बसलो होतो. रिकाम्या मांडवात आलेला पहिला पाहुणा! काही ठिकाणी तुमच्या घड्याळाप्रमाणे वेळ बदलून दाखवतात, काही ठिकाणी नाही. आधी ते तपासा, मग मोबाइलला गजर लावा.

मुलुंडची_माहेरवाशीण:
बहुतेक ठिकाणी एक ईमेल म्हणजे एक माणूस. दुसरीकडे लॉगिन केलं की पहिला बाहेर. त्यापेक्षा काकांना साधा फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा. व्हिडिओ कॉलच्या नादाला लागू नका, गावची रेंज तुम्हाला माहीतच आहे. इंग्रजी उच्चार झेपले नाहीत तर लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये लाइव्ह कॅप्शन सुरू करा, खाली अक्षरं उमटतात. त्यांची बरीच भाषणं नंतर यूट्यूबवरही येतात. पण प्रश्न विचारायचा तर थेटच बसा, खरी गंमत चॅटमध्ये असते.

खरं_बोलू_का:
भात पेरायला आता साहेबाकडून शिकायचं? नगरकडच्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरेंनी घरात गावठी बियाण्यांची बँक उभी केली, 2020 ला पद्मश्री मिळाली. तिकडे जा की एसटीने.

भांडुपचो_झील:
@खरं_बोलू_का, जाणारच आहे, पण काकांचे गुडघे एसटीचं ऐकत नाहीत. आणि शिकायला नाही, गजाली मारायला चाललोय.

भांडुपचो_झील (तीन आठवड्यांनी):
झालं एकदाचं. सत्र आपल्या 5 वाजताचं होतं, अर्धा दिवस रजा टाकली. काका परड्यात फणसाखाली उभे, तिथेच रेंज येते. पहिली दहा मिनिटं मी भाषांतर करत होतो, तिकडून एकच, “माका काय कळाक नाय, तू तेंका सोंड्यांचा विचार.” म्हणजे बियाण्यात सोंडे होतात त्याचं काय करता. चॅटमध्ये टाकलं. एका बाईने लिहिलं, खडखडीत वाळवून हवाबंद बरणीत ठेवतो. काका हसले. म्हणाले, बरणी किती मोठी, विचार. मग म्हणाले, आपण निगडीचा पाला घालतो तेही सांग.

आता निगडीला इंग्रजीत काय म्हणायचं? बायकोने मोबाइलवर शास्त्रीय नाव शोधून दिलं, व्हायटेक्स नेगुंडो. ते लिहिलं आणि वक्त्यांना सोडून चॅटमधले चार-पाच जण माझ्याच मागे लागले. पाला ओला की सुका? एका मुडीला किती? मी फोनकडे वळलो तर तो कट झालेला. गुरं परतायची वेळ, काका गोठ्यात.

“विचारून कळवतो” लिहिलं, तोवर सत्र संपून पडदा पडला. काका म्हणतात, पाला सुकाच, पण प्रमाण विचारलं की हाताची मूठ दाखवतात. फोनवर. इथे कोणी निगडी वापरतं का?