शब्दचर्चा : ‘फायरवॉल उघडणे’ आणि ‘पोर्ट’

प्रश्न : हार्डवेअर फायरवॉलचे सेटिंग संगणकावरून कसे बदलावे, याची मराठी माहितीपुस्तिका मी लिहीत आहे. ‘ब्राउझरमधून फायरवॉल उघडा’ या पहिल्याच वाक्याला तपासणाऱ्यांनी हरकत घेतली आहे. पुढे ‘पोर्ट’ हा शब्द लागोपाठच्या दोन वाक्यांत वेगवेगळ्या अर्थांनी आला आहे. शिवाय फायरवॉलला ‘अग्निभिंत’ म्हणावे का, हेही कृपया सांगावे.

उत्तर : हरकत योग्य आहे. फायरवॉलचे कामच जाळ्याबाहेरून येणारी माहितीची अनाहूत वाहतूक अडवण्याचे असल्यामुळे ‘फायरवॉल उघडा’ याचा अर्थ ‘तिचा अटकाव काढून टाका’ असाही होऊ शकतो, आणि नवख्या वाचकाने तो तसा घेतला तर दोष त्याचा नाही. ‘ब्राउझरमध्ये फायरवॉलचे सेटिंग पान उघडा’ असे लिहिल्यास काय उघडायचे याविषयी संशय उरत नाही. त्यानंतरच्या पायरीला मात्र ‘लॉगिन करा’ हेच म्हणावे, कारण तिथे नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो.

‘पोर्ट’चा घोळ अधिक खोल आहे. केबल ज्यात खोचायची ती उपकरणावरील खाच म्हणजे पोर्ट, आणि ब्राउझरमधल्या पत्त्यापुढे अपूर्णविराम (:) देऊन लिहायचा आकडा म्हणजेही पोर्ट. सोफोस या कंपनीच्या फायरवॉलचे सेटिंग पान सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ने, म्हणजे सुरक्षित वेब जोडणीने, १७२.१६.१६.१६ या पत्त्यावर ४४४४ या पोर्टवर मिळते. तिथे ‘पोर्ट ४४४४’ वाचून कोणी उपकरणावर तो आकडा छापलेला शोधू लागला तर नवल नाही. म्हणून पहिल्या अर्थी ‘लॅन पोर्ट’ (आतल्या जाळ्याचा) किंवा ‘वॅन पोर्ट’ (बाहेरच्या, इंटरनेटच्या बाजूचा) आणि दुसऱ्या अर्थी ‘पोर्ट क्रमांक’ असे शब्द पुस्तिकाभर कटाक्षाने पाळावेत. लॅन आणि वॅन यांत गल्लत होऊ देऊ नये, कारण बाहेरच्या, म्हणजे वॅनच्या, बाजूने सेटिंग पान बहुधा मुळात बंदच ठेवलेले असते.

‘अग्निभिंत’ शब्द म्हणून वाईट नाही, पण ज्याच्या पडद्यावर आणि खोक्यावर ‘फायरवॉल’ लिहिलेले आहे त्याला तो उपयोगी नाही.

पुरवणी : वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त ‘डीफॉल्ट’साठी, म्हणजे उपकरणात मुळात असलेल्या सेटिंगसाठी, ‘पूर्वनियोजित’ लिहू नये, कारण त्यात कोणीतरी बेत आखल्याची छटा येते. ‘कारखान्यातून आलेला पत्ता’ हे लांब असले तरी स्पष्ट आहे. फोर्टिगेट या फायरवॉलच्या अनेक मॉडेलांवर तो १९२.१६८.१.९९ असतो. संगणकाला आयपी पत्ता आपोआप मिळाला नाही, तर त्याला त्याच जाळ्यातला, पण वेगळा पत्ता हाताने द्यावा लागतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१० आणि सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग जाळ्याचा आहे हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. इथे ‘त्याच मालिकेतला पत्ता’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘पहिले तीन आकडे तेच, चौथा वेगळा’ असे लिहावे.

आणखी एक. पान उघडताना ब्राउझर बहुधा ‘असुरक्षित’ असा इशारा देतो, कारण उपकरणाची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र त्याने स्वतःच स्वतःला दिलेले असते. तिथे ‘इशाऱ्याकडे दुर्लक्ष करा’ हे वाक्य पुस्तिकेत नसावे. ‘संगणक केबलने थेट याच उपकरणाला जोडलेला आहे आणि पत्ता बरोबर आहे, याची खात्री करूनच पुढे जा’ असे असावे.