रणभूमीची एक दिवसाची सहल: साल्हेरला मार्गदर्शकासह जावे की जाऊ नये?

(वाचकांमधील चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

गोदाकाठ, नाशिक

नाशिकहून पहाटे निघून रामशेज, वणी-दिंडोरीचे रणक्षेत्र आणि साल्हेरचा पायथा असे सगळे दाखवून रात्री परत आणणाऱ्या मार्गदर्शित सहलीचे एक पत्रक सध्या आमच्या ओळखीच्या मंडळींत फिरत आहे. त्यावर काहींनी असा आक्षेप घेतला की, जिथे माणसे मेली ती जागा सहलीची नव्हे. माझे मत वेगळे आहे. अशा ठिकाणी अवश्य जावे, मार्गदर्शकाबरोबर जावे आणि एका दिवसासाठीही जावे. मात्र एका दिवसात एकच रणक्षेत्र पाहावे, आणि तेही किल्ल्यावरून नव्हे तर मैदानात उभे राहून पाहावे.

साल्हेरला गेलेल्या माणसाची नजर आपसूक वर जाते. 1567 मीटर उंचीचा गड, माथ्यावरचे परशुरामाचे मंदिर आणि शेजारचा सालोटा यांच्यापुढे खालच्या जमिनीकडे कोण पाहणार? जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर असल्यामुळे हा ओढा आणखी वाढेल. परंतु फेब्रुवारी 1672 मधली लढाई गडाच्या तटावर झालेली नाही, ती पायथ्याच्या उघड्या मुलखात झाली. गडाला मोगलांचा वेढा पडलेला असताना शिवाजी महाराजांनी प्रतापराव गुजरांना घोडदळासह वरघाटाने, म्हणजे घाटमाथ्याच्या बाजूने, आणि मोरोपंत पिंगळ्यांना पायदळासह कोकणातून येण्याची आज्ञा केली, आणि वेढा घालणारी फौज स्वतःच दोन सैन्यांच्या मध्ये सापडली. मराठे मोकळ्या मैदानात मोगलांशी समोरासमोर भिडत नाहीत, हा समज या एका दिवसाने मोडून काढला. हे सारे पुस्तकात वाचता येते, पण कोकणाची बाजू कोणती, वरघाट कोणता आणि दोन्हीकडून येणाऱ्या फौजांच्या मध्ये किती जागा उरते, हे कोणीतरी गडाकडे पाठ करून, हात उभारून दाखवल्याशिवाय उमगत नाही. जाणकार माणसाला त्यासाठी दोन तास पुरतात.

पायवाट

आपल्या भावनेचा आदर ठेवूनही मला हे पटत नाही. जैसलमेरहून तनोट आणि लोंगेवाला असा एक दिवसाचा दौरा मी केला आहे. 4 आणि 5 डिसेंबर 1971 च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि 23 पंजाबच्या एका कंपनीतल्या सुमारे सव्वाशे जवानांनी तिथे रणगाड्यांच्या फौजेला तोंड दिले. आमच्याबरोबरच्या मार्गदर्शकाने चित्रपटात दाखवलेलीच हकिकत जशीच्या तशी सांगितली. उजाडल्यावर जैसलमेरच्या तळावरून आलेल्या हंटर विमानांनी वाळूत अडकलेले रणगाडे एकामागून एक टिपले, हा लढाईचा निम्मा भाग त्याने एका वाक्यातही घेतला नाही, कारण पुढच्या जेवणाची वेळ ठरलेली होती. तोवर आमच्या गटातली मुले पकडून आणलेल्या रणगाड्यावर चढली होती आणि पालक खालून छायाचित्रे काढत होते.

दोष त्या मार्गदर्शकाचा किंवा पालकांचा नाही, दोष दिवसाच्या दौऱ्याच्या रचनेतच आहे. बस, नाश्ता, जेवण आणि परतीची वेळ एकदा बांधून टाकली की रणभूमीच्या वाट्याला उरलेसुरले चाळीस मिनिटांचे तुकडेच येतात. ज्याला खरी ओढ आहे त्याने घरी वाचावे, नकाशा अभ्यासावा आणि सवडीने, आपल्या पायांनी जावे.

निवृत्त तोफची, देवळाली कॅम्प

पायवाट यांचा अनुभव खरा असणार, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. फौजेत जुन्या लढाया शिकवताना अधिकाऱ्यांना त्या जमिनीवर नेण्याची पद्धत आहे, आणि तिथे नेहमी कोणीतरी बोलणारा असतो. नकाशावर दोन समोच्चरेषांमध्ये दिसणारी जमीन आणि प्रत्यक्षात शत्रूच्या नजरेआड राहणारी जमीन यांतला फरक एकट्याने फिरून समजायला वर्षे लागतात.

द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकाचे उदाहरण घ्या. तिथे गणवेशातला जवान हातात काठी घेऊन समोरचे तोलोलिंग दाखवतो, मग टायगर हिल दाखवतो आणि त्यानंतर खालच्या श्रीनगर-लेह रस्त्याकडे काठी वळवतो. वरून हा रस्ता दिसत असेल तर त्यावरच्या प्रत्येक वाहनावर तोफगोळे पाडता येतात, आणि म्हणून आधी शिखर घेणे भाग होते, हे समोरच्या सामान्य कुटुंबालाही दहा मिनिटांत कळते. 1999 च्या त्या युद्धात आमच्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे आणि अग्निबाण डागले. हा आकडा वाचून कोणालाच काही वाटत नाही, पण तो चढ डोळ्यांसमोर असताना ऐकला की, वर चढणाऱ्या पायदळाच्या पुढे तेवढा मारा का करावा लागला, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर माणूस नावांच्या भिंतीपाशी जातो तेव्हा त्याची चाल बदललेली असते, हे मी पाहिले आहे.

साल्हेरबद्दल एक तोफखान्याची गोष्ट सांगतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. त्या लढाईत सूर्यराव काकडे जंबुऱ्याचा गोळा लागून पडले, असे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. जंबुरा म्हणजे उंटाच्या पाठीवर खिळीत बसवलेली हलकी तोफ. ती कोणत्याही दिशेला फिरवता येते आणि जिथे मोठ्या तोफेचा गाडा ओढणे अशक्य, तिथे उंट जाऊ शकतो. बागलाणचा खडकाळ, ओढ्याओहोळांनी चिरलेला मुलूख पाहिल्यावर मोगलांनी हे हत्यार तिथे का आणले, ते कळते. हे सांगायला मार्गदर्शकच लागतो.

दप्तरखाना

मी इतिहासाची अभ्यासक आहे आणि माझा आक्षेप दिवसाला नाही, मार्गदर्शकाला आहे. गोदाकाठ आणि तोफची या दोघांनीही मार्गदर्शक जाणकार असेल असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात काय सांगितले जाते? साल्हेरला दोन्ही बाजूंचे मिळून दहा हजार माणूस पडले आणि धुरळा असा उडाला की तीन कोसांच्या परिसरात आपला-परका ओळखू येईना, हे वर्णन सभासदाचे आहे. तो महत्त्वाचा साक्षीदार आहे, पण त्याने बखर लिहिली ती लढाईनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, दूर जिंजीला. त्याचा आकडा हा मोजणीचा आकडा नव्हे. मार्गदर्शक मात्र तो शिरगणतीसारखा सांगतो आणि एखाद्या शेताकडे बोट दाखवून ‘छावणी इथेच होती’ असे ठामपणे सांगून मोकळा होतो.

रामशेजचेही तसेच आहे. 1682 मध्ये वेढा पडल्यावर गडावरच्या लोकांनी लाकडी तोफा करून त्यावर कातडे चढवले, ही हकिकत आपण अभिमानाने सांगतो, पण ती लिहून ठेवणारा खाफीखान मोगलांच्या बाजूचा इतिहासकार होता, हे सांगायचे राहून जाते. वास्तविक शत्रूपक्षाच्या लेखकाने केलेले कौतुक म्हणून त्या नोंदीचे मोल वाढतेच.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, साल्हेरच्या मैदानात मोगलांच्या बाजूने लढताना अमरसिंह चंदावत हा राजपूत सरदार मारला गेला आणि त्याचा मुलगा मोहकमसिंह जखमी होऊन पकडला गेला. त्या फौजेत पठाण होते, राजपूत होते, रोहिले होते. हे वगळून लढाईला एका धर्माविरुद्ध दुसऱ्या धर्माचा रंग दिला की ऐकणाऱ्यांच्या टाळ्या मिळतात आणि इतिहास हातचा जातो. मार्गदर्शकाची आधी कोणीतरी नीट परीक्षा घ्यावी, मगच त्याच्या हाती पन्नास माणसे सोपवावीत. तोवर अशा सहली निघू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षिका, पंचवटी

ताई, आपले म्हणणे शास्त्रशुद्ध आहे, पण तोवर म्हणजे केव्हापर्यंत? माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी गाडी नाही. नाशिकहून सटाण्याला एसटीने जाणे सोपे आहे, पण पुढे ताहाराबाद, मुल्हेर आणि साल्हेर असे करत एका दिवसात पोहोचून परत येणे मुलांना घेऊन जमत नाही. पायवाट म्हणतात तसे आपल्या पायांनी, सवडीने जाणे हे तरुण, धडधाकट आणि रजा मिळू शकणाऱ्या माणसाचे भाग्य आहे. गुडघे दुखणारी आजी, घर आणि नोकरी सांभाळणारी बाई किंवा पंधरा वर्षांची मुलगी यांच्यासाठी सकाळी निघून रात्री परत आणणारी बस हाच एकमेव मार्ग असतो. शिवाय साल्हेरचे रणक्षेत्र पायथ्याशीच असल्यामुळे गड चढू न शकणाऱ्यालाही ते पूर्ण पाहता येते.

मुलांना पुरावा आणि दंतकथा यांतला फरक कळत नाही, असे समजू नये. ‘हे सभासदाने लिहिले आहे, पण तो तेव्हा इथे नव्हता’ एवढे सांगितले तरी ती स्वतःहून विचारतात की, मग त्याला कोणी सांगितले असेल? हा प्रश्न वर्गात कधी येत नाही.

पायवाट

बाईंचा मुद्दा मोठा आहे आणि मी तो नाकारत नाही. तरीही स्मारक आणि रणभूमी या दोन गोष्टी एकाच दौऱ्यात कोंबण्याला माझा विरोध कायम आहे. माणगावच्या परिसरातून सैन्यात गेलेले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, वरच्या टायबर खोऱ्यात पडले. त्यांच्या तुकडीतली बाकीची माणसे मशीनगनच्या माऱ्यात कोसळल्यावर त्यांनी एकट्याने त्या ठाण्यावर धाव घेऊन ते मोडले आणि तिथेच त्यांना नेमबाजाची गोळी लागली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची ज्ञात कबर नाही, कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. 2023 मध्ये त्या टायबर खोऱ्यातल्या मोंतोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिका उभारण्यात आली. एक नाव, एक माणूस आणि त्याच्यापाशी शांतपणे घालवलेली पंधरा मिनिटे याहून रणभूमीच्या व्याख्यानाने अधिक काय मिळते?

निवृत्त तोफची, देवळाली कॅम्प

पायवाट साहेब, ते ठाणे घेणे का गरजेचे होते आणि ती तुकडी त्या उघड्या जागेत का सापडली, हे सांगणारा कोणी नसेल तर त्या पंधरा मिनिटांत माणूस एका शूराला नमस्कार करतो, पण त्याने काय केले ते त्याला कळत नाही. मला सैनिकासाठी दोन्ही हवे आहे.

बागलाणकर

चर्चा चांगली चालली आहे, पण ज्यांच्या दारात ही रणभूमी आहे त्यांच्याविषयी अजून कोणी शब्द काढला नाही. आपण ज्याला रणक्षेत्र म्हणता ती आमच्या लोकांची भाताची आणि नागलीची शेते आहेत. पावसाळ्यात उत्साही मंडळी बांध तुडवत उभ्या पिकातून जातात, पाण्याच्या बाटल्या ओढ्यात टाकतात आणि संध्याकाळी निघून जातात. जेवण येताना वणीला किंवा सटाण्याला उरकलेले असते, त्यामुळे गावात चहासुद्धा विकला जात नाही. पत्रकात लिहिल्याप्रमाणे तीन ठिकाणे एका दिवसात करायची असतील तर साल्हेरला पोहोचेपर्यंत दुपार टळणार आणि लोक बसमधून उतरून गडाचे छायाचित्र काढून परत बसणार. या बाबतीत मी पायवाट यांच्या बाजूने आहे.

पण सहली बंदच कराव्यात, असेही मी म्हणणार नाही. आमच्याकडची तरुण मुले हंगाम संपला की मजुरीसाठी बाहेर जातात. त्यांना या परिसरातली प्रत्येक खिंड, प्रत्येक पाणवठा ठाऊक आहे. बखरीतले उतारे त्यांना दप्तरखानाताईंसारख्या कोणी नीट समजावून दिले, तर शहरातून आलेल्या मार्गदर्शकापेक्षा ती अधिक खरे बोलतील, कारण कुठून घोडा उतरेल आणि कुठून उतरणार नाही हे त्यांना सांगावे लागत नाही.

दप्तरखाना

हे मला मान्य आहे, आणि उतारे समजावून देण्याची तयारीही आहे. मात्र माझी अट कायम राहील. जिथे पुरावा थांबतो तिथे मार्गदर्शकाने थांबावे, मग तो नाशिकचा असो की साल्हेरवाडीचा.

गोदाकाठ, नाशिक

तीन ठिकाणांच्या पत्रकाला माझा पहिल्यापासून विरोध आहे, आणि बागलाणकरांनी त्याचे कारण माझ्याहून नेमके सांगितले. वणी-दिंडोरीची लढाई ऑक्टोबर 1670 मधली. सुरतेहून परतणाऱ्या महाराजांना दाऊदखान कुरेशीने अडवले आणि कांचन-मांचनच्या घाटाजवळ ती झाली. तिच्यासाठी चांदवडच्या बाजूने स्वतंत्र दिवस काढावा लागतो. रामशेज तर नाशिकच्या उंबरठ्यावर आहे, तिथे आशेवाडीतून कोणत्याही रविवारी सकाळी जाता येते. त्यांना साल्हेरच्या बसमध्ये कोंबण्याचे कारण नाही.

पायवाट यांना मात्र एक सांगतो. लोंगेवाल्याला विमानांचा उल्लेख राहिला, हे आपल्याला खटकले, कारण आपण आधी वाचले होते. बसमधल्या उरलेल्या चाळीस जणांनी वाचलेले नव्हते. त्यांच्यासाठी चांगला मार्गदर्शक मागायचा की त्यांनी येऊच नये असे म्हणायचे, यात मी पहिली बाजू घेईन.

पायवाट

मी अजूनही स्वतंत्रपणेच जाईन. परंतु गावातला मुलगा मार्गदर्शक असेल आणि ठिकाण एकच असेल, तर त्या सहलीला विरोध करणार नाही.

बागलाणकर

मग यायचेच असेल तर फेब्रुवारीत यावे. भात-नागली निघालेली असते, बहुतेक कोरडवाहू शेते मोकळी असतात, धन्याला विचारून आत जाता येते, आणि लढाईही त्याच महिन्यातली असल्यामुळे तेव्हाची जमीन कशी होती याचा अंदाज त्या ऋतूतच येतो. जेवणाचे आदल्या दिवशी कळवले तर गावात नागलीची भाकरी आणि उडदाचे भुजे मिळेल.