नास्मिथचा घण, आणि कमी झालेले ७५० जण

जुनाफिटर

'उद्यमी' यांनी परवा जेम्स नास्मिथवर लिहिलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: एडिंबरोतल्या चित्रकाराचा मुलगा, पदवी नाही, वशिला नाही, लंडनमध्ये आठवड्याला दहा शिलिंगांवर नोकरीला लागला, मँचेस्टरजवळ स्वतःचा कारखाना उभारला, वाफेचा घण शोधला आणि ४८व्या वर्षी गडगंज होऊन निवृत्त झाला. लेखाचं शेवटचं वाक्य असं की हे जमलं कारण त्याने युनियनला दारात उभं केलं नाही, आणि आपल्या एमआयडीसीतल्या पोरांनी यातून शिकावं.

त्या वाक्याने दोन दिवस झोप नाही. मी ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली. माझा हात बसला तो शेपरवर, म्हणजे लोखंड तासून सपाट करायच्या यंत्रावर, आणि त्या यंत्राचा मूळपुरुष म्हणजे नास्मिथचा १८३६चा 'स्टीम आर्म'. त्याच्याबद्दल मला कुणापेक्षा कमी आदर नाही. म्हणून तर अर्धी गोष्ट सांगितलेली चालत नाही.

वशिला नाही म्हणता? वडील अलेक्झांडर नास्मिथ हे स्कॉटलंडमधले नावाजलेले चित्रकार, कवी रॉबर्ट बर्न्सचं चित्र काढणारे. घरात वडिलांची कार्यशाळा होती, हत्यारं होती. १८२९ मध्ये पोरगा लंडनचा नामांकित यंत्रकार हेन्री मॉडस्ले याच्या दारात गेला तेव्हा वडील शेजारी उभे होते. माझ्या बापाने मला आयटीआयच्या फाटकापर्यंत सोडलं आणि तिथूनच शेतावर परत गेला.

आता ७५० माणसांचं. निवृत्तीनंतर १८६८ मध्ये कामगार संघटनांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे नास्मिथने स्वतः सांगितलं की आपोआप चालणाऱ्या यंत्रांमुळे आपण प्रौढ कामगार १५०० वरून ७५० वर आणले आणि नफा वाढला. ती साक्ष मार्क्सनेही उचलली. हे लेखात एका ओळीनेही नाही. ४८व्या वर्षी निवृत्त झाला ते कुणाच्या जिवावर, एवढं विचारतोय.

उद्यमी

काका, वडील दारापर्यंत घेऊन गेले हे कबूल. लेखात यायला हवं होतं. पण दार उघडलं कुणी? मॉडस्लेने आधी स्पष्ट सांगितलं होतं की मी शिकाऊ पोरं घेत नाही. मग नास्मिथने स्वतः बनवलेलं वाफेचं चालतं इंजिन आणि रेखाचित्रं दाखवली, आणि थेट मॉडस्लेचा खासगी मदतनीस झाला. एकविसाव्या वर्षी! त्याआधी विशीच्या आत त्याने आठ माणसं बसतील अशी वाफेची गाडी एडिंबरोच्या रस्त्यावर चालवली होती. हे वशिल्याने होत नाही.

दहा शिलिंगांत भागावं म्हणून त्याने दिव्यावर मंद शिजणारं भांडं तयार केलं. सकाळी मांस टाकून कामावर जायचं, संध्याकाळी जेवण तयार. ही चिकाटी मला पोरांपुढे ठेवायची होती.

युनियनचं म्हणाल तर नास्मिथच्या कारखान्यातला १८३६चा संप कशासाठी होता? सात वर्षं उमेदवारी केलेल्यालाच कारागिराच्या जागी घ्या, बाकी कुणाला नको, यासाठी. नास्मिथ म्हणत होता की ज्याला काम येतं त्याला मी घेणार. मजुराला हात असेल तर मजुरालाही. तो नमला नाही, स्कॉटलंडमधून ६४ माणसं आणली. माझी सहानुभूती त्या मजुराला आहे, ज्याला सात वर्षांचा कागद नव्हता.

जुनाफिटर

कागदाचं मला सांगू नका. माझ्या अप्रेंटिसशिपच्या पहिल्या वर्षात मी मिलिंगला हात लावला नाही. बुरादा झाडला, साहेबाचा डबा आणला, तेलाचे कॅन भरले. तरी तो कागद होता म्हणून पुढे कुणी मला 'हेल्पर' म्हणून निम्म्या पगारावर राबवू शकलं नाही. आज माझा भाचा एका कंपनीत तिसऱ्यांदा 'ट्रेनी' आहे. दर अकरा महिन्यांनी नवं कार्ड, काम तेच. ज्याला येतं त्याला घेणार, हे कानाला फार गोड लागतं. घेतल्यावर देणार काय, ते कुणी बोलत नाही.

बखरवाचक

दोघांचं चालू द्या, पण मुळात 'वाफेचा घण शोधला' हेच इतकं सरळ नाही.

इंग्लिश इंजिनियर ब्रुनेलच्या 'ग्रेट ब्रिटन' जहाजाला चाकांसाठी प्रचंड जाड आस हवा होता. तेवढा आस घडवायला कुठलीच भट्टी तयार होईना. कारण तेव्हाचे यांत्रिक घण असे, की काम जितकं जाड तितकी घणाची उचल कमी. जिथे जोर हवा तिथेच फटका मऊ. नास्मिथने २४ नोव्हेंबर १८३९ला आपल्या वहीत उत्तर काढलं: ऐरणीच्या वर सिलिंडर, त्याच्या दांड्याला थेट घण टांगलेला, वाफेने वर आणि वजनाने खाली. पण जहाजाला चाकांऐवजी पंखा लावायचं ठरलं, आसाची गरज संपली आणि चित्र वहीतच राहिलं.

१८४० मध्ये फ्रान्सच्या ले क्रूझोहून तिथल्या लोखंड कारखान्याचे मालक श्नायडर आणि त्यांचा इंजिनियर बुर्दाँ पॅट्रिक्रॉफ्टला, म्हणजे नास्मिथच्या मँचेस्टरजवळच्या कारखान्यात आले. नास्मिथ गावात नव्हता, भागीदार गॅस्केलने वही दाखवली. १८४२च्या वसंतात नास्मिथ ले क्रूझोला गेला तर तिथे घण चालू! घाईने परत येऊन त्याने जूनमध्ये पेटंट घेतलं. बुर्दाँचं म्हणणं असं की कल्पना माझी मला सुचली होती. शिवाय वाफेच्या घणाचा उल्लेख जेम्स वॉटच्या १७८४च्या पेटंटातही आहे. आणि पॅट्रिक्रॉफ्टचा घण खऱ्या अर्थाने कामाचा झाला तो १८४३ मध्ये, त्याच कारखान्यातल्या रॉबर्ट विल्सनने आपोआप चालणारी झडपेची रचना बसवली तेव्हा.

आपण सगळे ऐकतो ती कहाणी १८८३च्या आत्मचरित्रातली, आणि त्याचे संपादक सॅम्युएल स्माइल्स, म्हणजे आयुष्यभर स्वावलंबनाचा प्रचार केलेला माणूस. त्या कहाणीत एकटा नायक चमकणारच.

लेथवाली

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, नऊ माणसं. म्हणून बोलते.

वॉटने लिहिलं, बुर्दाँने आधी चालवलं, विल्सनने सुधारलं, सगळं मान्य. पण घण विकला कुणी? कारखान्या-कारखान्यांत पोचवला कुणी? अंड्याला वाइनच्या ग्लासात ठेवून घणाने नुसतं टवका उडेल इतकं टिचकवायचं, ग्लासला धक्का नाही, अशी प्रात्यक्षिकं करून लोकांचा विश्वास कुणी बसवला? त्याच कल्पनेवर त्याने खांब ठोकायचं यंत्र केलं. १८४५ मध्ये डेव्हनपोर्टच्या गोदीत हाताने चालणाऱ्या जुन्या यंत्राशी पैज लागली. त्याचा खांब साडेचार मिनिटांत उतरला, दुसऱ्याला बारा तासांहून जास्त लागले. डोक्यात आलेलं बाजारात उभं करणं हेही काम असतं, आणि ते करणाऱ्याला इथे नेहमी चोर ठरवतात.

७५० माणसं कमी केली हे वाईटच. पण पगाराची १ तारीख कशी येते ते मालकालाच ठाऊक. मोठ्या कंपनीकडून माझे बिलाचे पैसे चार-चार महिने येत नाहीत, तरी माझ्या नऊ जणांचा पगार एकदाही चुकलेला नाही. मंगळसूत्र गहाण ठेवून दिलाय. त्यावर धागा निघत नाही.

शिरोलीकर

अवांतर आहे, पण राहवत नाही. घण घण काय करताय? नास्मिथचं सगळ्यात मोठं काम १८३८चं लेडल, म्हणजे वितळलेल्या धातूचा रस ओतायचं भांडं.

आधी मोठं लेडल क्रेनला टांगून लांब दांड्यांनी माणसंच कलती करायची. एकाचा पाय घसरला, की रस सगळ्यांच्या अंगावर. नास्मिथने लेडलच्या आसावर दातेरी चाक बसवलं आणि त्यात स्क्रू अडकवला. एक माणूस लांब उभा राहून हातचाक फिरवतो, लेडल सावकाश कलतं, आणि हात सोडला तरी आपोआप पालथं होत नाही, कारण चाक स्क्रूला उलटं फिरवू शकत नाही. आजही कोल्हापुरात कुठल्याही फौंड्रीत जा, गिअरचं लेडल म्हणजे तेच. याचं त्याने पेटंट घेतलं नाही. सगळ्यांना वापरू दिलं.

मी वीस वर्षं ओतकामात होतो. आमच्या फौंड्रीत त्या गिअरचे दात झिजले होते. महिनाभर सांगत होतो, बदला. उत्तर एकच, या लॉटनंतर बघू. मग दांडीत पाइप घालून कलवायला लागलो, १८३८च्या आधीसारखं. एका संध्याकाळी पाइप सुटला. माझ्या जोडीदाराच्या दोन्ही पायांवर रस. तो जगला. पण पोटरीचं मांस गेलं ते गेलंच. पंधरवड्यात नवा गिअर बसला, किंमत विचारू नका, लाज वाटेल इतकी कमी.

लेथवाली

शिरोलीकर, वाचून हात गार पडले. पण सगळे मालक असे नसतात. मी सेफ्टी शूज आणून दिलेत, पोरं चपला घालून येतात. गॉगल खिळ्याला लटकलेले असतात. दहा वेळा ओरडले की एकदा घालतात.

शिरोलीकर

ताई, चपलांचं तुम्ही बोलताय, मी झिजलेल्या दातांचं बोलतोय. बूट घातला असता तरी दोन टनांचं लेडल अंगावर आल्यावर बूट काय करणार? गिअर बदलणं कामगाराच्या हातात नसतं. प्रत्येक अपघातानंतर आधी त्या माणसाच्या पायातच बघतात. त्याला दवाखान्यात भेटायला आलेल्या साहेबाने पहिलं विचारलं, बूट घातले होते का? माझ्या डोळ्यांसमोर.

लेथवाली

मी कुणाच्या जखमेला चपलेचा दोष दिला नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नका.

शिरोलीकर

तुमच्या तोंडी नाही घातले. त्या साहेबाच्या तोंडचे होते, तुम्ही जवळपास तेच बोललात म्हणून लागलं.

जुनाफिटर

शिरोलीकर, तुमचं बरोबर आहे आणि माझ्या मुद्द्याला बळच देतं. यंत्र कितीही चांगलं असो, ते नीट ठेवायला कुणी भाग पाडतं म्हणून ठेवलं जातं. ते भाग पाडणारे म्हणजे युनियन.

शिरोलीकर

आमच्याकडे युनियन होती, काका. त्या महिन्यात बोनसची बोलणी चालू होती. गिअरचा विषय घेऊन गेलो तर सांगितलं, आत्ता नको. दोघांनीही 'आत्ता नको' म्हटलं. म्हणून मला नास्मिथचं ते चाक मोठं वाटतं. बोनस नाही, नफा नाही, नुसतं माणूस वाचावा म्हणून केलेलं.

जुनाफिटर

यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या युनियनने असं केलं नसतं असं म्हणायला जीभ उचलते, पण छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

हॅमरवाल्याची_लेक

माझे वडील फोर्जिंगमध्ये २६ वर्षं हॅमरवर होते. वाफेचा नव्हे, पुढच्या पिढीतला, पण ऐरण तीच आणि आवाज तोच. घरी आले की आम्हाला ओरडून बोलायचे, आम्हाला वाटायचं रागावलेत. पन्नाशीत ऐकू येणं जवळपास थांबलं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं त्यांनी ऐकली नाहीत, फक्त ओठ बघत होते. १५०० पैकी जे ७५० कारखान्यात राहिले, त्यांच्या कानांचं काय झालं असेल असं मनात येतं. दोष कुणाला द्यायचा ते मला कळत नाही, पण घणाची थोरवी चालली आहे तिथे हेही असावं.

आभाळवेडा

धागा तापलाय, तरी ४८व्या वर्षी निवृत्त होऊन त्याने केलं काय, तेही यावं. केंटमध्ये घर घेतलं, नाव ठेवलं 'हॅमरफील्ड'. दुर्बिणीचा छंद कारखान्यात असल्यापासूनच होता, २० इंची आरशाची दुर्बीण त्याने स्वतः बनवली होती. प्रकाश नळीच्या कडेच्या आसातून बाहेर काढला, म्हणजे दुर्बीण कुठेही वळली तरी बघणारा जागच्या जागी बसून बघू शकतो. आज हवाईतल्या केक दुर्बिणींवर अवजड उपकरणं ठेवतात ती याच कडेच्या जागी, 'नास्मिथ फोकस'लाच. १८७४ मध्ये जेम्स कार्पेंटरबरोबर चंद्रावर पुस्तक काढलं, त्यासाठी चंद्रपृष्ठाचे प्लास्टरचे नमुने घडवून त्यांचे फोटो घेतले. वडिलांची चित्रकला शेवटपर्यंत कामी आली. निवृत्ती ऐषारामात घालवली नाही एवढंच सांगायचंय.

जुनाफिटर

दुर्बीण छानच. ज्या ७५० जणांची निवृत्ती त्याने आधी करून टाकली, त्यांना चंद्र बघायला वेळ भरपूर मिळाला असेल, पोटात काही नसताना.

उद्यमी

काका, टोला लागला. लेखातलं ते शेवटचं वाक्य काढतोय. १८६८च्या साक्षीचा परिच्छेद घालतो, विल्सन आणि बुर्दाँही येतील. पण १८३६च्या संपाबद्दल माझं मत बदललेलं नाही. कागद नसलेल्या मजुराला दार उघडणं मला आजही बरोबर वाटतं.

जुनाफिटर

ठेवा तुमचं मत. त्या मजुराला पुढे पगार किती दिला तेही शोधून लिहा, मग मी वाचतो.

लेथवाली

शिरोलीकर, काल रात्री तुमचा प्रतिसाद पुन्हा वाचला. माझ्याकडे ओतकाम नाही, पण एक चेन पुली आहे, तिचा ब्रेक सरकतो. फिटर दोन आठवडे सांगत होता. आज सकाळी ती बंद करून खाली उतरवली. तुमचं बोलणं लागलं होतं, अजूनही लागतंय. तरी सांगावंसं वाटलं.

शिरोलीकर

ब्रेकचं अस्तर बघाच, पण पॉल, म्हणजे दात्यांत अडकणारा खटका, आणि दात्यांचं चाकही बघा. दाते गोल झाले असतील तर नुसतं अस्तर बदलून उपयोग नाही. आणि त्या फिटरला सांगा की त्याच्या सांगण्यावरून उतरवली.