मदत हवी आहे: शंभरीतली ऑस्टिन सेव्हन, शेल्सली वॉल्शचा चढ

माझ्या १९२६च्या ऑस्टिन सेव्हन या छोट्या ब्रिटिश मोटारीला (७४७ सीसी) यंदा शंभर वर्षं होताहेत. वाढदिवस शेल्सली वॉल्शच्या (इंग्लंडमधली टेकडी चढायच्या मोटार शर्यतीची जागा) ९१४ मीटरच्या चढावरच करायचाय, १९०५पासून तिथे गाड्या चढताहेत!

अडचण चढाची नाही, सुरुवातीच्या रांगेत थांबण्याची. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याला पंप नाही, ते पाणी नुसतं गरम होऊन वर चढतं, तेवढ्यावरच फिरतं. दहा मिनिटं उभी राहिली की रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ येते, काचेवर थेंब उडतात. धावताना मात्र ठीक.

रेडिएटर धुतला, होस बदलले, इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ (टायमिंग) तपासली. पंप किंवा विजेचा पंखा बसवायचा नाही, शंभरीला ती मूळ रूपातच हवी.

रांगेत इंजिन बंद ठेवलं, तर तापलेल्या कार्ब्युरेटरमुळे (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) ऐनवेळी अडते. मग बंद ठेवू की स्पार्क थोडा ॲडव्हान्स करून (ठिणगी जरा आधी पाडून) चालूच ठेवू?